सतरा अंकांचा कंठा

शब्द उलटे वाचून पाहण्याचा छंद लहान मुलांना कां असतो, हें मानसशास्त्रज्ञांनीं सांगावें. असतो एवढें मात्र खरें. ‘रामाला भाला मारा’ हें वाक्य शेवटाकडून वाचलें तरी रामाची त्या भाल्यापासून सुटका होत नाहीं, आणि ‘चिमा काय कामाची’ हा प्रश्न कोणत्याही टोंकाकडून विचारला तरी बिचाऱ्या चिमेवरचा ठपका कायम राहतो, हा शोध प्रत्येक पिढींतील मुलें नव्यानें लावतात आणि घरांतल्या वडील माणसांना दिवसभर ऐकवून भंडावून सोडतात. आमच्या पूर्वजांनीं तर या खेळाला काव्याच्या पंक्तीस बसविलें. गोदातीरींच्या पार्थपुरांत, म्हणजे हल्लींच्या परभणी जिल्ह्यांतील पाथरी येथें, सोळाव्या शतकांत सूर्यकवि नांवाचे एक पंडित होऊन गेले. त्यांचें ‘रामकृष्णविलोमकाव्य’ सुलट वाचावें तर रामाची कथा निघते आणि उलट वाचावें तर कृष्णाची. याच सूर्यकवींनीं भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर आणि ‘बीजगणिता’वर टीका लिहिल्या, ही गोष्ट मात्र काव्यरसिक सहसा सांगत नाहींत. अक्षरें उलटसुलट फिरविणारा हात आणि अंक फिरविणारा हात एकाच माणसाचा असावा, यांत मला तरी नवल वाटत नाहीं.

मला आज जिच्याविषयीं लिहावयाचें आहे ती संख्या अशी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१.

एकापासून नवापर्यंत पायरी पायरीनें चढावें, शिखरावर क्षणभर टेकावें आणि आलों त्याच पायऱ्यांनीं पलीकडे उतरावें, असा हिचा घाट आहे. अंकांची गति डावीकडे, म्हणजे स्थानें उजवीकडून मोजावयाचीं, हा नियम आपण शाळेंत शिकतों. या संख्येपुरता तो कोणी विसरला तरी कांहीं बिघडत नाहीं. हिला सतरा स्थानें आहेत. ‘लीलावतीं’त एक, दश, शत, सहस्र यांपासून थेट परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलीं आहेत, त्या मापानें आमची संख्या परार्धाच्या उंबरठ्याशीं एक पाऊल अलीकडे थांबते. गमतीची गोष्ट अशी कीं, तिच्या अगदीं डाव्या टोंकाचा एक ज्या स्थानीं बसला आहे त्याचें नांव ‘मध्य’, आणि खरोखर मध्यावर बसलेल्या नवाच्या स्थानाचें नांव ‘अर्बुद’!

या संख्येची आणि माझी ओळख आमच्या अण्णाकाकांनीं करून दिली. अण्णाकाका हे वडिलांचे धाकटे बंधु. लग्न केलें नाहीं. एका कचेरींत कारकुनी केली. आणि उरलेला सारा वेळ पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवून त्यांत आंकडेमोड करण्यांत घालविला. संध्याकाळीं शुभंकरोति झाली, पावकी, निमकी, पाऊणकी म्हणून झाली, कीं ते आम्हां मुलांना पाटी आणावयास सांगत. ‘अकराला अकरानीं गुणा.’ एकशें एकवीस. ‘एकशें अकराला एकशें अकरानीं.’ बारा हजार तीनशें एकवीस. तिसऱ्या-चौथ्या गुणाकारालाच पोरें ओरडूं लागत, कारण पुढचें उत्तर न गुणतां येऊं लागे. मग अण्णाकाका नऊ एकांची संख्या नऊ एकांच्या संख्येनें गुणावयास लावीत आणि पाटी पुरत नसे म्हणून आईची नजर चुकवून फरशीवर खडूनें लिहीत.

हा गुणाकार कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. एकानें गुणतांना संख्या जशीच्या तशी उतरावयाची असते. म्हणून नऊ एकांची एकच ओळ नऊ वेळां लिहावयाची, फक्त प्रत्येक वेळीं एक घर डावीकडे सरकून. तिरकी भिंत उभी राहते. आतां उभे रकाने मोजा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यांत एक एक, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन. मधल्या रकान्यांत पुरे नऊ. आणि पुढें पुन्हां आठ, सात, सहा करीत एकावर उतार. बेरीज करण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. मोजलें कीं झालें. संख्येचा तो डौल आकाशांतून पडलेला नसून त्या तिरक्या भिंतीची ती सांवली आहे, हें एकदां डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे आश्चर्य कमी होत नाहीं, उलट तें शहाणें होतें.

त्याच भिंतींतून दुसरेंही एक गुपित बाहेर पडतें. भिंतींत नऊ ओळी, प्रत्येकींत नऊ एक, म्हणजे एकूण एक्यायशीं एक. म्हणून या सतरा अंकांची बेरीज ८१ आहे. आणि या ८१ नें मूळ संख्येला भागलें तर बाकी न उरतां १५२४१५७८९९७१०४१ हा भागाकार येतो, व तोही पुन्हां एक पूर्ण वर्ग, १२३४५६७९ या संख्येचा. ८१ नें गुणलें तर ९९९९९९९९८००००००००१ येतात, आणि तो वर्ग नऊ नवांचा. अवयव पाडूं लागलें तर ३ चार वेळां, ३७ दोन वेळां आणि ३३३६६७ दोन वेळां, एवढ्यावर काम संपतें. बाहेरून इतक्या थाटानें नटलेली संख्या. पण आंत तीनच मूळ अंश, आणि त्यांत आपला घरगुती ३७, ज्याला तिनानें गुणलें कीं १११ होतात हें शाळकरी पोरालाही ठाऊक असतें.

असल्या संख्यांचें वेड आपल्याकडे फार जुनें आहे. राष्ट्रकूट सम्राट् अमोघवर्ष याच्या काळीं, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञानें ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ लिहिला. त्यांत गुणाकाराचीं जीं उदाहरणें आहेत त्यांपैकीं कांहींचीं उत्तरें दोन्हीं बाजूंनीं सारखीं वाचतां येतात, आणि आचार्य त्यांना गळ्यांतल्या कंठ्याची उपमा देतात. कंठा कोणत्याही टोंकाकडून मोजला तरी मण्यांचा क्रम तोच. १३९ ला १०९ नीं गुणा, १५१५१ मिळतात. १४२८७१४३ ला सातानीं गुणा, १०००१०००१ मिळतात. आणि २७९९४६८१ ला ४४१ नीं गुणा: १२३४५६५४३२१! आमच्याच संख्येची ही धाकटी बहीण. मर्म असें कीं, ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे सहा एक. आचार्यांनीं तिरकी भिंत झांकून ठेवली आणि विद्यार्थ्यासमोर नुसता कंठा ठेवला. राजाच्या आश्रयाखालचा गणिती, गुणाकारासारखा रुक्ष विषय शिकवितांना, विद्यार्थ्याच्या ओंजळींत शेवटीं अलंकार पडावा अशी योजना करतो, यांतील अध्यापनाची रसिकता मला फार मोठी वाटते.

महावीराचार्यांनंतर जवळजवळ अकरा शतकांनीं तोच कंठा पुन्हां एका मराठी माणसाच्या हातीं लागला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालीं डहाणूचा. पुण्यास विद्यार्थी असतां १९२७ सालीं रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक त्यांनीं मिळविलें. पण पदवीपलीकडे शिक्षण झालें नाहीं, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीस शाळामास्तर होते. १, १२१, १२३२१ अशा चढत जाणाऱ्या आमच्या संख्यांना त्यांनीं ‘डेम्लो संख्या’ असें नांव दिलें. मुंबईपासून सुमारें तीस मैलांवर जी. आय. पी. रेल्वेचें या नांवाचें स्टेशन होतें, तेथें त्यांना ही कल्पना सुचली. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेनें पुरा भाग जातो तिला त्यांनीं ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, म्हटलें. आणि आमची संख्या ८१ नें निःशेष भागली जाते हें आपण वर पाहिलेंच, म्हणजे ती हर्षदही आहे. त्यांची ६१७४ ही संख्या तर पुढें जगभर गेली. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिच्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यांत मोठ्या संख्येतून लहानांत लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हेंच करीत जावें. सात वेळांच्या आंत ६१७४ हातीं येतेच. १९७५ सालीं अमेरिकेंत मार्टिन गार्डनर यांनीं त्यांच्यावर लिहिलें, तेव्हां आपल्याकडील पुष्कळांना कापरेकर कोण हें कळलें. तोंवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षें झालीं होतीं, आणि पेन्शन पुरत नाहीं म्हणून ते शिकवण्या करीत होते.

आतां दुसरी बाजूही प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. रामानुजनची पारख करणारे केंब्रिजचे थोर गणिती हार्डी यांनीं १९४० सालीं गणिताच्या सौंदर्यावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांत ते दोन उदाहरणें घेतात: ८७१२ ही संख्या तिच्याच उलट्या रूपाच्या, म्हणजे २१७८ च्या, चौपट आहे, आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट. चार अंकी संख्यांत असा गुण या दोघींचाच. हार्डींचा निर्णय असा कीं, हीं वर्तमानपत्रांतील कोड्यांना शोभतील, पण गणित्याचें मन ओढून घेईल असें यांत कांहीं नाहीं. कारण उघड आहे. हे गुण संख्येचे नाहींत, आपण ती दहाच्या पद्धतीनें लिहितों त्या लिपीचे आहेत. माणसाच्या हाताला दहाच्या ऐवजीं आठ बोटें असतीं तर हीच संख्या कागदावर भलतीच दिसली असती आणि तिचा कंठा केव्हांच तुटला असता.

या आक्षेपाचें उत्तर मीं पुष्कळ दिवस मनांत घोळविलें. तें थोडें फार असें आहे. संख्या बदलेल हें खरें. पण तिरकी भिंत बदलत नाहीं. आठ बोटांच्या जगांतही कोणी तरी अण्णाकाका सात एकांचा वर्ग करावयास सांगेल आणि उत्तर १२३४५६७६५४३२१ असेंच उमटेल, फक्त तें तेथील लिपींत वाचावें लागेल. अलंकार घडविणारा नियम सर्वत्र तोच; मण्यांची संख्या तेवढी ज्याच्या त्याच्या बोटांवर अवलंबून. तेव्हां हार्डींचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. नुसता कंठा पाहून थांबणारा माणूस कोड्यांतच राहतो. पण कंठ्यावरून भिंतीकडे जाणारा माणूस गणितांत शिरलेला असतो, आणि तें दार पुष्कळांना कंठ्यामुळेंच सांपडतें.

या दाराची दुसरी बाजू दाखविणारा एक गुणाकार अजून राहिला. नवाऐवजीं दहा एक घ्या. भिंत एक ओळ वाढते, आणि मधल्या रकान्यांत दहा एक येतात. दहा एका घरांत मावत नाहींत. शून्य मांडून हातचा एक शेजारच्या घरीं द्यावा लागतो. शेजारीं आधींच नऊ. त्यांत हातचा पडून तेही दहा. पुन्हां शून्य, पुन्हां हातचा. तो जाऊन आठावर पडतो आणि आठाचे नऊ होतात. उत्तर येतें १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा आठ नाहींसा झाला, शिखराच्या जागीं दोन शून्यें आलीं, कंठा तुटला. एकाला ८१ नें भागीत गेलें म्हणजे दशांशांत ०१२३४५६७९ हेच अंक पुनः पुन्हां येतात आणि आठ सांपडत नाहीं, त्याचेंही कारण हाच हातचा. पण लक्षांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, हें उत्तर चुकीचें नाहीं. तोच वर्ग, तितकाच खरा. फक्त एका घरीं न मावलेलें ओझें शेजाऱ्यानें घेतल्याची खूण त्यावर राहिली.

हातच्याची ही कथा मला अंकांपेक्षां घरामुळें अधिक कळली आहे. अण्णाकाकांनीं खात्याची परीक्षा कधीं दिली नाहीं. वह्या सोडून अभ्यास करावयाचा म्हणजे त्यांना तुरुंग वाटे. पगार जेथल्या तेथें राहिला. वडील लवकर गेले, आणि आमचे थोरले बंधु दादा यांना इंटरनंतर कॉलेज सोडून नोकरी धरावी लागली. माझें शिक्षण, बहिणींचीं लग्नें, सारें त्यांच्यावर पडलें. अण्णाकाकांना घरांत कोणी कधीं उणा शब्द बोललें नाहीं. दादांनीं तर नाहींच. पण त्या वह्यांची किंमत कोणीं भरली हें दादांना ठाऊक होतें, आणि मलाही.

म्हणून गेल्या वर्षीं दादांची नात बारावी झाली आणि हातीं आलेली इंजिनिअरिंगची जागा सोडून गणितच शिकेन म्हणाली, तेव्हां दादांनीं विचारलेला ‘उपयोग काय?’ हा प्रश्न मी हंसण्यावारी नेऊं शकलों नाहीं. तो अरसिकाचा प्रश्न नव्हता; हातचा घेतलेल्या माणसाचा होता. पोरगी धीट. ती वाद घालावयास न बसतां कागद घेऊन आजोबांजवळ बसली. ‘आजोबा, एक संख्या घ्या, तिच्यांत तीच उलटी करून मिळवा. ८७ घ्या. ८७ आणि ७८, १६५. त्यांत ५६१, ७२६. त्यांत ६२७, १३५३. त्यांत ३५३१, ४८८४. झाली दोन्हींकडून सारखी. बहुतेक संख्या अशा वळणावर येतात. पण १९६ येत नाहीं. जॉन वॉकर म्हणून एक संगणकतज्ज्ञ होते. त्यांनीं १९८७ ते १९९० इतका काळ यंत्राकडून चोवीस लाखांवर बेरजा करवून घेतल्या, संख्या दहा लक्ष अंकांची झाली, तरी नाहीं. आणि ती कधींच येणार नाहीं हेंही कोणाला सिद्ध करतां आलेलें नाहीं.’ दादांनीं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलें. ‘यंत्राचें सोड. माणसानें करण्यासारखी एखादी सांग.’ ती म्हणाली, ‘८९ करून पाहा.’

रात्रीं जेवणें झाल्यावर दादा हिशेबाच्या जुन्या संवयीनें रकाने आंखून बसले. चोवीस बेरजा लागतात. अकरा वाजून गेल्यावर ८८१३२०००२३१८८ ही संख्या कागदावर उतरली, तेव्हां त्यांनीं ती एकदां डावीकडून आणि एकदां उजवीकडून वाचली, कागदाची घडी घातली आणि कांहीं न बोलतां ते निजावयास गेले.

दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं बोलणें वहिनींनीं काढलें. वहिनी सहसा असल्या विषयांत पडत नाहींत. त्या म्हणाल्या, ‘या घरानें अण्णाकाकांच्या वह्या तीस वर्षें सांभाळल्या. पुरुषमाणूस होते, कोणीं उपयोग विचारला नाहीं. सासूबाईंना तोंडीं हिशेब त्यांच्याहून लवकर येई, पण त्यांना वही कोणीं दिली नाहीं. आतां पोरगी स्वतःहून वही मागते आहे, तर उपयोग काय तो तिलाच विचारायचा?’

थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग दादा म्हणाले, ‘माझी ना नाहीं. पण हातचा कोणीं घ्यायचा तें आजच ठरवा. मागाहून ज्याच्यावर पडेल त्याच्यावर पडेल, हें या वेळीं नको.’ मला वाटतें, आमच्या घरांत गणिताविषयीं बोललें गेलेलें सर्वांत शहाणें वाक्य हेंच. मग आम्हीं तें खरोखरच ठरविलें. तिच्या वडिलांनीं फी पत्करली, मीं माझ्या पेन्शनींतून राहण्याजेवणाचा खर्च, आणि तिनें सुट्टींत शिकवण्या करून पुस्तकांचा. धाकट्या भावाच्या शिक्षणाला यांतून हात लागणार नाहीं, हेंही कागदावर लिहिलें. कागद अर्थात् पाठकोरा होता.

पुष्कळ घरांत असा एखादा जीव असतो, ज्याचें मन उपयोगाच्या वाटेनें चालत नाहीं. त्याला हंसूं नये, आणि त्याचा नुसता देव्हाराही करूं नये. त्याचा भार कोणकोणत्या खांद्यांवर जातो तें मोजावें, आणि मोजून, समजून उचलावा. तसें केलें तर वही लिहिणाऱ्यालाही खालमानेनें लिहावें लागत नाहीं. कापरेकरांच्या उतारवयाचें ओझें असें कोणी वेळेवर मोजलें असतें, तर शिकवण्यांत गेलेल्या त्या संध्याकाळीं आणखी कांहीं संख्यांना नांवें मिळालीं असतीं.

वाचकांनीं एखाद्या रात्रीं घरांतल्या मुलांना जवळ बसवून ती नऊ ओळींची भिंत अवश्य उभी करावी. कागद थोडा रुंद घ्यावा, ओळी नीट एकेक घर सरकवून लिहाव्यात, आणि बेरीज मुलांनाच करूं द्यावी. नंतर दहा एकांचीही करवावी, आणि आठ कोठें गेला हें त्यांनाच शोधूं द्यावें. त्यांतलें एखादें पोर निजण्याची हांक ऐकूनही कागदावरून मान वर करणार नाहीं. त्याचें नांव लक्षांत ठेवावें.